फादरवाले

नवा माणूस भेटला की आपण आडनाव विचारतो, मग गाव विचारतो. फादरवाले शाळा विचारतात. शाळा हे त्यांचं गोत्र आहे. सेंट झेवियर्स हायस्कूल, धोबीतलाव, स्थापना १८६९. जन्माचं गोत्र विचारलं तर मात्र त्यांना बायकोच्या तोंडाकडे बघावं लागतं.

दारावरच्या पाटीवर नाव वेगळं आहे, पण बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत ते कुणी उच्चारत नाही. त्यांचं दर तिसरं वाक्य 'आमचे फादर म्हणायचे' असं सुरू होतं, तेव्हा हे नाव पडणं अटळच होतं. हे फादर नेमके कोण, याचा मी बरीच वर्षं छडा लावत होतो. एकच माणूस एवढं बोलू शकेल हे शक्य वाटत नव्हतं. मग लक्षात आलं की हे फादर प्रसंगानुसार देश बदलतात. शिस्तीचा विषय निघाला की ते जर्मन असतात, संगीताचा निघाला की स्पॅनिश.

याला इतिहासाचा आधार आहे, हे कबूल केलं पाहिजे. मुंबईतलं जेझुइटांचं शिक्षणकार्य सुरुवातीला जर्मनांच्या हातात होतं. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणजे शत्रू ठरला आणि सरकारने त्यांची पाठवणी केली. त्यानंतर स्पॅनिश आले. कॉलेजात इतिहास शिकवणारे आणि संशोधनसंस्था काढणारे फादर हेरास त्यांतलेच. पुढे गोव्याचे, मंगळूरचे, वसईचे आले. फादरवाल्यांच्या वर्गावर आलेले फादर या शेवटच्या हप्त्यातले असणार, कारण फादरवाल्यांचा जन्म १९७२चा. पण 'आम्ही जर्मनांच्या हाताखालून गेलोय' हे ते अशा सुरात सांगतात, की ऐकणाऱ्याला त्यांच्या तळहातावर छडीचे वळ दिसू लागतात.

सर्वनाम हा त्यांचा खरा प्रांत. शाळेचं सगळं ते प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलतात. 'आम्ही १५४०मध्ये सुरू झालो.' (पोपने येशूसंघाला मान्यता दिली ते साल.) 'आम्ही १५४२मध्ये गोव्यात उतरलो.' (सेंट फ्रान्सिस झेवियर.) दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या निवडणुकीत सेक्रेटरीपद गेलं, तेव्हा आम्ही चार जण सांत्वनाला गेलो. फादरवाले शांतपणे चहा पीत होते. म्हणाले, "१७७३मध्ये खुद्द पोपनेच आम्हाला बरखास्त केलं होतं. १८१४ला परत आलोच ना?" एकेचाळीस वर्षांच्या हिशेबाने बघितलं, तर पुढची निवडणूक जिंकायला त्यांना अजून बराच अवकाश आहे.

हे सगळं सुरू झालं गिरगावातल्या एका चाळीत. घरात सोवळं कडक. मुलाला झेवियर्समध्ये घालायचं ठरलं तेव्हा आजीने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. पोरगा बाटेल, ही धास्ती. ती तिने कुठून आणली हे तिलाही सांगता आलं नसतं, पण गिरगावच्या हवेतच ती होती. तिथे डॉ. जॉन विल्सन यांची मिशनरी शाळा १८३२पासून. १८३९मध्ये त्यांच्याकडच्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि मुंबई हादरली. १८४३मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, त्यांच्या धाकट्या भावाला, श्रीपतला, कोर्टाने घरी परत पाठवलं, आणि त्याला शुद्ध करून घ्यायला पुढे झाले म्हणून बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांनी फाडून खाल्लं. फादरवाल्यांना हा इतिहास सांगितला तर ते दुखावतात. "ते स्कॉटिश. प्रॉटेस्टंट. आम्ही कॅथलिक!" हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर जानवं सारखं करत उच्चारलेलं आहे.

आजीची भीती खरी ठरली, एवढंच की मुलगा ख्रिस्ताकडे न जाता शाळेकडे बाटला. फादरांनी त्याला धर्म शिकवायचा प्रयत्न केला असं कधी झालं नाही. कॅथलिक मुलं कॅटेकिझमच्या तासाला जायची आणि उरलेल्यांना मॉरल सायन्स असायचं. पण मुंबईत अशा शाळांतून वर्षानुवर्षं हेच चालत आलंय. प्रार्थना, मार्च पास्ट, चार हाउसेस, शाळेच्या संताचा सण हे सारं कॅथलिक मुलं घरच्यासारखं गृहीत धरतात. ते जिवापाड जपतो, तो हा असा कुणी जोशी, शाह नाहीतर इराणी.

सनी गावसकर शाळेचा, हे तुम्हाला ठाऊक असेल. फादरवाल्यांशी ओळख असेल तर नक्कीच ठाऊक असेल. "आमचा सनी" म्हणताना ते बाकावर थोडं सरकून जागाही करतात. सनी शाळेतून बाहेर पडला तेव्हा यांचा जन्म व्हायचा होता, हा मुद्दा मी काढत नाही, कारण मला ६६४कडे यायचं असतं.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस शील्डची उपांत्य फेरी. शारदाश्रमचा चौदा वर्षांचा तेंडुलकर नाबाद ३२६, सोळा वर्षांचा कांबळी नाबाद ३४९, भागीदारी नाबाद ६६४. ही कथा सगळा महाराष्ट्र फलंदाजांच्या बाजूने सांगतो. ती गोलंदाजांच्या बाजूने सांगणारे फक्त फादरवाले, कारण समोर झेवियर्स होतं. पुढे भारताकडून कसोटी खेळलेला साईराज बहुतुले तेव्हा झेवियर्सकडून टाकत होता, त्यालाही विकेट मिळाली नाही. "बॉल टप्प्यावर पडत होते," असं फादरवाले सांगतात. "सीमेपलीकडच्या टप्प्यावर," असं मी मनात म्हणतो.

त्या दिवशी आपण मैदानावर होतो, असा त्यांचा दावा आहे. मी त्याबद्दल काही बोलत नाही. त्या डावात क्षेत्ररक्षण केल्याचं सांगणारे झेवियर्सचे इतके माजी विद्यार्थी मला भेटलेत, की ते सगळे खरोखर उभे असते तर चेंडूला जमिनीवर पडायला जागा उरली नसती.

पराभवाचा एवढा अभिमान मी पानिपतानंतर कुठे पाहिला नाही. नोव्हेंबर २०१३मध्ये पृथ्वी शॉने हॅरिस शील्डमध्येच ५४६ धावा केल्या, त्याही आमच्या बोरिवलीच्या सेंट फ्रान्सिस डी'असिसीविरुद्ध. त्या संध्याकाळी फादरवाले जिन्यात भेटले, एखाद्या दूरच्या नातलगाकडे जाऊन आल्यासारखे. तिथेच त्यांनी सिद्धान्त मांडला, "बघा, मोठा विक्रम व्हायचा तर समोर संत लागतो. सोसण्याची सवय लागते. मॉरल सायन्स!"

मीही तयारीत होतो. २००६मध्ये ६६४चा विक्रम सिकंदराबादला मोडला, ७२१ची भागीदारी झाली, पण मारणारी शाळा सेंट पीटर्स आणि मार खाणारी सेंट फिलिप्स. म्हणजे संतानेच संताला झोडपलं. आता बोला! फादरवाल्यांनी डोळे मिटले, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पीटर पहिल्यापासून तापटच. बायबलात त्याने एकाचा कान कापलाय."

घरात मात्र त्यांना तोडीस तोड आहे. वहिनी पुण्याच्या, हुजूरपागेच्या. "आमची शाळा १८८४ची," त्या एकदा सहज म्हणाल्या. "पंधरा वर्षं ज्युनियर," फादरवाले पेपरातून वर न बघता म्हणाले. त्या दिवशीची आमटी अळणी झाली आणि ती तशीच खाल्ली गेली.

सोसायटीच्या गणपतीत त्यांचं तेज बघावं. मुलांचे चार हाउस त्यांनीच पाडले: लाल, निळं, हिरवं, पिवळं. लिंबू-चमच्याच्या शर्यतीआधी मार्च पास्ट होतो. आरतीला मुलं उंचीनुसार उभी असतात आणि गुरुजींनी घंटेला हात घालण्याआधी मागून हुकूम येतो, "पिन ड्रॉप सायलेन्स!" गेल्या वर्षी नवे गुरुजी एवढे दचकले की त्यांनी झांजा खाली ठेवल्या.

मराठीवर कुणी चर्चा काढली तर ते ताबडतोब फादर थॉमस स्टीफन्सना उभं करतात. जन्माने इंग्रज, जेझुइट, आणि १६१६मध्ये मराठीत क्रिस्तपुराण. "मराठीसाठी आमच्या फादरांनी जे केलं ते तुमच्या मराठी माध्यमाला जमलं का?" वाद तिथेच संपतो. स्वतः फादरवाल्यांनी दहावीला लोअर मराठी घेतलं होतं. अडुसष्ट आणि अठ्ठ्याहत्तर यांत त्यांचा आजही गोंधळ होतो, आणि भाजीवाला त्याचा फायदा घेतो.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर वसईचं एक कुटुंब राहायला आलं. सोसायटीतले पहिले कॅथलिक. फादरवाले पहिल्याच दिवशी वर धावले आणि इंग्रजीत सुरू झाले. समोरच्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वच्छ मराठीत सांगितलं, "या, बसा ना. मी वसईचा, मराठी माध्यमातला. आमच्याकडचे बहुतेक जण तसेच." फादरवाले बसले, पण त्यांना पाणी मागवावं लागलं. ख्रिस्ती माणूस मराठी माध्यमातला, हा धक्का त्यांना जेझुइटांच्या बरखास्तीहून मोठा होता. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईचेच, हे मी जिन्यात सांगितल्यावर ते थोडे सावरले.

नाताळला त्या घरी आम्हा सगळ्यांना जेवायचं आमंत्रण होतं. गावाहून यजमानांची आई आली होती, लाल लुगड्यातली, कानांनी जरा अधू. ताटं मांडली गेली. यजमान प्रार्थनेसाठी उभे राहतात न राहतात तोच फादरवाल्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि जेवणाआधीची इंग्रजी प्रार्थना खणखणीत म्हणून टाकली. एक शब्द चुकला नाही. घरातली मुलं बघत राहिली. त्यांना ती मराठीतच येत होती.

म्हातारीने मात्र भक्तिभावाने क्रूसाची खूण केली आणि मुलाला मोठ्याने विचारलं, "हे नवे फादर कुठल्या धर्मग्रामाचे?"

मुलगा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात फादरवाल्यांनी त्याचा हात हलकेच दाबला. म्हातारी उठली, जवळ आली, म्हणाली, "आलाच आहात तर घराला आशीर्वाद देऊन जा, फादर." फादरवाल्यांचा उजवा हात वर जाऊ लागला. वहिनींनी तो मनगटाला धरून खाली ताटाशी आणला.

"आधी जेवून घ्या," त्या म्हणाल्या. "उद्या तुम्हाला उपास आहे."