टाकलाय, बघ

सकाळी सातच्या सुमाराला रत्नागिरीजवळच्या भाट्यातल्या निम्म्या घरांत मोबाइल एकदम किणकिणले, की समजायचं अप्पांची आंब्यांची अढी ठणठणीत आहे. बागायतदारांचा ग्रुप, वाडीचा ग्रुप, घरच्यांचा ग्रुप आणि ज्यात अप्पा एकटेच सभासद आहेत असा चौथा ग्रुप (तो रेकॉर्डसाठी), चारही ठिकाणी एकच चित्र येतं. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ, कोपऱ्यात 29.4 असा आकडा आणि खाली अप्पांचा मजकूर : "टाकलाय, बघ." ग्रुपवर वयाने, मानाने कितीही मोठी माणसं असोत, सगळ्यांना मिळून एकच 'बघ'.

दोन निळ्या खुणा आल्या नाहीत तर साडेसातला फोन.

"बघितलास?"

"बघतो अप्पा, दात घासतोय."

"घास, घास. पण बघ. पहाटे चारला अर्धा अंश खाली आलंय."

असा एक माणूस हल्ली प्रत्येक वाडीत, प्रत्येक सोसायटीत असतोच. कुणी गच्चीवरच्या सोलरची युनिटं पाठवतो, कुणी दिवसभरात चाललेली पावलं, कुणी जेवणानंतरची साखर. आकडा दिसला की टिपायचा आणि टिपला की दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा. अप्पा जातीने त्यातलेच. फक्त त्यांच्याकडे निदान आंबा आहे.

नोकरी सगळी टपालखात्यात गेली. मुंबईच्या चाकरमान्यांच्या मनीऑर्डरी, कोर्टाच्या नोटिसा, रजिस्टर पत्रं आणि त्यांच्या पोचपावत्या. सहीची पोच परत आल्याशिवाय पत्र पोचलं असं मानायचं नाही, हा अप्पांचा धर्म. 2025 साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्याची बातमी आली, त्या दिवशी अप्पा जेवले, पण गप्प जेवले. स्क्रीनशॉट ही त्यांची आजची पोच आहे. अढीत तापमान होतं एवढं त्यांना पुरत नाही. होतं, याचा कागद हवा.

हे प्रकरण घरात आलं 2020 च्या टाळेबंदीत. पुतण्या पुण्याहून येऊन राहिला होता, ऑफिसचं काम आटोपलं की त्याचे हात शिवशिवायचे. त्याने कुरिअरने ईएसपी 8266 चे बोर्ड मागवले, तापमानाचे सेन्सर मागवले आणि काकूंचे श्रीखंडाचे रिकामे डबे न विचारता घेतले. एक सेन्सर अढीत भाताणात खुपसला, एक पत्र्यावर पावसासाठी, एक हवेच्या दाबाचा माजघरात, एक फ्रीजमध्ये. बागेतला मात्र वाय-फायच्या टप्प्याबाहेर पडला. चिऱ्याची जाड भिंत आणि वर ओली पालवी, तिथे वाय-फाय कुठला पोचणार! म्हणून तो 433 मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्याचं बोलणं ऐकायला संगणकाच्या पाठीत एक डाँगल लावलाय. मूळचा तो टीव्ही बघायचा डाँगल. अप्पांना ही गोष्ट फार आवडते. "टीव्ही बघायचा सोडून कामाला लागला," असं ते त्याची ओळख करून देताना सांगतात आणि काकूंकडे बघतात.

नाद म्हणून हसायला जावं तर हापूस हा प्राणीच असा, की आकडा विचारल्याशिवाय गत नाही. थंडीच्या रात्री पारा पंधराच्या आसपास उतरला की मोहोर फुटायचा. तीच थंडी लांबली की पुन्हा मोहोर येतो, त्या पुनर्मोहोराच्या नादात आधी धरलेली कणी गळून जाते. भर उन्हात काढलेला, तापल्या कातळावर टेकवलेला आंबा आत साका धरतो. वरून देखणा, कापला की पांढरट, पिचपिचीत. तेव्हा कलमाखाली 34 दिसले की अप्पा तोडणी थांबवतात, गडी खाली उतरतात, आणि मग खरं काम सुरू होतं : त्या 34 चा स्क्रीनशॉट.

एका एप्रिलात पहाटे चारही ग्रुपवर अढीचं तापमान आलं : उणे 127. पृथ्वीच्या पाठीवर मोजलेली सगळ्यात कडक थंडी उणे 89.2, तीही 1983 साली अंटार्क्टिकातल्या रशियनांच्या व्होस्टोक तळावर. तो विक्रम भाट्यात, पेंढ्यात, पिकत्या आंब्यांच्या सोबतीने मोडला गेला होता. खरं म्हणजे त्या सेन्सरला उणे 55 च्या खालचं मोजताच येत नाही. तो जागेवर सापडला नाही की प्रोग्राम आपला उणे 127 लिहून मोकळा होतो, आणि नुकता जागा होऊन काही मोजायच्या आतच विचारलं तर तो 85 सांगतो. उंदराने वायर कुरतडली होती, एवढंच. अप्पा बॅटरी घेऊन अढीत गेले, भिंतीला हात लावला, आले आणि दुसरा संदेश टाकला : "भिंत कोमट आहे. सदर नोंद विचाराधीन." नोंद पुसून टाका असं मी म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी सरकारी टपाल फोडायला सांगितलंय.

स्क्रीनशॉटची विद्याही टप्प्याटप्प्याने आली. आधी ते मोबाइलने पडद्याचा फोटो काढायचे. त्यात आडवे-तिडवे पट्टे, अप्पांचा चष्मा आणि मागच्या दोरीवरचं धोतर हे सगळं यायचं, आकडा सोडून. मग पुतण्याने प्रिंट स्क्रीनचं बटण दाखवलं. अप्पांनी दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, मग जोरात, मग इतर बटणं चुकून लागू नयेत म्हणून त्यांच्यावर पुठ्ठा धरून. चित्र मुकाट्याने क्लिपबोर्डावर जाऊन बसतं, पेंट उघडून चिकटवावं लागतं, हे समजल्यावर त्यांना मनापासून पटलं. "म्हणजे पेटीत पडलं, पण शिक्का मारायचाय," ते म्हणाले. तेव्हापासून प्रत्येक चित्रावर खाली उजवीकडे, पेंटमध्ये माउसने काढलेला एक वेडावाकडा गोल आणि त्यात तारीख. भाट्ये एवढंच लिहायचं राहिलंय.

चित्र पूर्ण पडद्याचं असतं. खिडकीपुरतं कापून घ्यायचं अप्पांना मान्य नाही, पुराव्याशी छेडछाड होते. त्यामुळे रेघ कुणी बघत नाही, सगळे कडेला बघतात. वर कुठले टॅब उघडे आहेत ते. अप्पांचा गुडघा दुखतोय हे वाडीला गुडघ्याच्या तेलाच्या टॅबवरून कळलं. नातीसाठी स्थळं बघतायत हेही तसंच, आणि त्यातल्या एका स्थळाची माहिती ग्रुपवरच एकाने पुरवली.

मग पुतण्याने दर दहा मिनिटांनी आपोआप पडदा टिपणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला. पहिल्या रात्री संगणक शिस्तीने स्वतःला कुलूप लावून झोपला. सकाळी चोपन्न चित्रं, चोपन्नही काळीकुट्ट. अप्पांनी त्यातलं एक टाकलंच : "रात्री अंधार होता." मग कुलूप काढलं, आणि प्रोग्राम समोर दिसेल ते टिपू लागला, आणि दुपारच्या वेळी पाठवूही लागला. बागायतदारांच्या ग्रुपवर 2 वाजून 40 मिनिटांनी काकूंचा सॉलिटेअरचा डाव आला. अप्पांच्या कुठल्याही रेघेला मिळाली नव्हती एवढी उत्तरं त्याला आली. पावसहून कुणी लिहिलं, "वहिनी, लाल दश्शी काळ्या गुलामावर घ्या." काकूंनी घेतली. डाव सुटला. काकू अजून म्हणतात की त्या यंत्राचा घराला झालेला फायदा तेवढाच.

मला सगळ्यात आवडतात ते मे महिन्यातले अप्पा. त्यांचं घर पावसला जाणाऱ्या रस्त्याला लागून. नव्या मोटारींच्या चाकांत हवेचा दाब सांगणारे सेन्सर असतात, त्यांतले पुष्कळसे त्याच 433 वर बोलतात आणि अप्पांचा डाँगल पोस्टमनच्या जातीचा, पत्ता कुणाचाही असो, येईल ते घेतो. त्यामुळे बागेच्या तापमानाच्या यादीत मधूनच एखादं चाक येतं. एका संध्याकाळी पुण्याची एक गाडी शहाळ्यासाठी थांबली. अप्पा लेंगा सावरत फाटकापाशी गेले.

"एका चाकात हवा कमी आहे तुमच्या."

"कुठल्या?"

"ते सेन्सर सांगत नाही. पण कमी आहे."

मालकाने चाकांना प्रदक्षिणा घातली, लाथा मारून बघितल्या, काही दिसेना. मग पंपावर गेला असेल, कारण तासाभराने परत आला तो उरलेली शहाळी घ्यायला नव्हे, अप्पांना बघायला. "काका, तुम्हाला कसं कळलं?" अप्पांनी त्याला आत नेऊन पडदा दाखवला. मग नंबर मागून घेतला आणि त्याला म्हणाले, "टाकलाय, बघ."

पाऊस हा मात्र त्यांच्या घरातला नाजूक विषय. रत्नागिरीत मोसमात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, तेव्हा मोजायला काही कमी नाही. पत्र्यावरच्या डब्यात एक छोटा पाळणा आहे, 0.2 मिलिमीटर पाणी साठलं की तो कलंडतो आणि तेवढी नोंद होते. जुलैत सुरूच्या काड्या त्यात जाऊन अडकल्या. बाहेर समोरचा माड दिसेना आणि ग्रुपवर अप्पांचा स्क्रीनशॉट : आजचा पाऊस 0.0. मी फोन केला. पत्र्यावरच्या आवाजात मला त्यांचं ऐकू येईना, त्यांना माझं.

"अप्पा, पाऊस पडतोय!"

"काय?"

"पाऊस! पाऊस!"

"शून्य आहे! टाकलाय बघ!"

पण 16 मे 2021 चा एक स्क्रीनशॉट आहे, त्याची चेष्टा कुणी करत नाही. तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून वर सरकत होतं. हवेच्या दाबाची रेघ उतरत चालली होती आणि अप्पा दर दहा मिनिटांनी चित्र टाकत होते. त्या दिवशी प्रत्येकाने लगेच बघितलं. ज्यांचे पत्रे जुने होते त्यांनी त्या रेघेवरून माणसं आत घेतली, गुरं सोडली. लाइट गेली, यूपीएस थोडा वेळ कोकलला, रेघ तुटली. पुढे कधी कुणी अप्पांना ग्रुपवरून काढा म्हटलं की वाडीतलं कुणीतरी तेच चित्र पुन्हा टाकतं आणि विषय संपतो.

पुतण्या मात्र वैतागलेला असतो. त्याला हवी असते आकड्यांची फाइल, तिच्यावरून त्याला काहीतरी शोधायचंय. अप्पा त्याला एका मेलमध्ये मावतील तेवढे स्क्रीनशॉट पाठवतात, उरलेले दुसऱ्या मेलमध्ये. "अप्पाकाका, त्यात एक बटण आहे, एक्सपोर्ट नावाचं." "एक्सपोर्ट आंब्याचा करायचा," अप्पा म्हणतात.

आणि अढी कधी उघडायची, हे विचाराल तर अजूनही त्यांचा जुना गडी ठरवतो. तो दार ढकलतो, नाकाने एक लांब श्वास ओढतो, भाताणात कोपरापर्यंत हात घालतो आणि सांगतो, "परवा." परवाच उघडते. यावर अप्पांनी बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग या मोसमात एक्सेलमध्ये तापमान, आर्द्रता यांच्या शेजारी एक नवा रकाना आला : 'वास'. त्यात गडी सांगेल ते भरायचं. 'परवा', 'दोन दिस', 'आज न्हाय'. सकाळच्या चित्रात तो रकानाही दिसतो. गड्याने त्यासाठी मुलाकडून जुना स्मार्टफोन मागून घेतला आणि ग्रुपवर आला. काल अप्पांना जरा ताप होता, सात वाजून गेले तरी कुठे काही किणकिणलं नाही. साडेसातला माझ्या फोनवर गड्याचा फोन. "अप्पानू उठले काय? माजा वास टाकला नाय अजून."