चाकपंडित

रविवारी पहाटे टपरीवर शेजारचा माणूस सायकल उलटी करून मागच्या चाकाच्या तारा छेडताना दिसला, तर चहाचा कप घेऊन हळूच सरकावं. तो चाकपंडित असतो. मी सरकलो नाही, म्हणून हे लिहितोय.

‘रिम कुठली?’ हा त्याचा पहिला प्रश्न. नाव-गाव नंतर. ‘सायकलीबरोबर आली ती,’ म्हटलं की पत्रिका न जुळल्यासारखा चेहरा करतो. लांबच्या प्रवासाला दुहेरी भिंतीची, ३६ भोकांची रिम हवी. शिवाय जाड हवी, कारण घाट उतरताना ब्रेकचं रबर रिमच खात असतं. हे अशा स्वरात सांगतो, की आपण आजवर खंबाटकी उतरलो ते निव्वळ पूर्वजांच्या पुण्याईवर. आजोबांच्या काळ्या सायकलीला पुढं ३२ आणि मागं ४० तारा होत्या. ‘बोजा मागं असतो, हे त्या लोकांना कळत होतं!’ आजोबा सायकलवरून फक्त दळण आणायचे, ही गोष्ट वेगळी.

चाक तो स्वतः बांधतो, जेवणाच्या टेबलावर. त्या आठवड्यात घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवतात. गिअरच्या बाजूच्या तारा किंचित आखूड, मग पाव-पाव आटा फिरवत आउट काढायचा, मग प्रत्येक तार वाजवून ताण जोखायचा. एका बाजूच्या सगळ्या एकाच स्वरात लागेपर्यंत टीव्ही बंद. ‘तार घट्ट असल्यानं तुटत नाही, सैल राहिल्यानं तुटते. तीही हबापाशी, वाकणात.’

आम्ही गोव्याला निघालो. आंबोली घाटात माझ्या चाकातून ‘टण्ण’ झालं. पंडिताचा चेहरा असा उजळला, की मला तार तुटल्याचं समाधान वाटलं. त्याच्या सायकलीच्या दांड्याला चिकटवलेल्या तीन जादा तारा गेली चार वर्षं या क्षणाची वाट पाहत होत्या. त्यानं एक लावून पाहिली. सहा मिलिमीटर लांब. तिन्ही त्याच्याच रिमच्या मापाच्या.

डुगडुगत सावंतवाडी गाठली. तिथल्या मिस्त्रीनं विडी न विझवता शेजारच्या दोन तारा सैल केल्या, चाक गरकन फिरवलं, वीस रुपये घेतले. पंडित आपली सायकल पुढं करून, भिंतीला टेकवून उभा. मिस्त्रीनं ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली. पंडितानं श्वास रोखला.

“ह्येका स्टँड नाय?”