आत आहे का हो?

एखादा नट, पुढारी किंवा बड्या बापाचा लेक आत गेला की उभ्या महाराष्ट्राला सगळं कळतं. बराक कोणती, पहिल्या रात्री डोळा लागला की कूस बदलण्यातच उजाडलं, सकाळी पोहे खाल्ले की नुसत्या चहावर भागवलं, पांघरूण घरचं की सरकारी. वाहिनीचा प्रतिनिधी आर्थर रोड तुरुंगाच्या फाटकाबाहेर छत्री धरून उभा असतो आणि आतल्या भिंतीचा रंग सांगतो. कैदी क्रमांक तर घराघरांत पाठ होतो.

आणि रिक्षा चालवणारा एखादा पोरगा संध्याकाळी साध्या वेषातल्या दोघांबरोबर जीपमध्ये बसून गेला, तर तो नेमका कुठे आहे हे सांगायला अख्ख्या यंत्रणेत एक माणूस मोकळा नसतो.

यावरून कायदाच नाही, असं कोणी समजू नये. कायदा मुबलक आहे. राज्यघटनेचं कलम २२ म्हणतं, अटक केलेल्याला कारण सांगा, वकील गाठू द्या आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, प्रवासाचा वेळ वगळून. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम ४८ सांगतं, अटक केल्याचं आणि माणूस कुठे ठेवलाय ते, त्याने नाव घेतलेल्या नातेवाइकाला किंवा मित्राला ताबडतोब कळवा. कोणाला कळवलं त्याची ठाण्यातल्या वहीत नोंद करा. कलम ३७ त्याच्याही पुढे जातं. प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक फौजदाराहून खालच्या दर्जाचा नाही असा एक अधिकारी नेमायचा आणि अटकेतल्या लोकांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप हे सगळं ठळकपणे लावायचं. डिजिटलसुद्धा चालेल. हे वाचून आम्हाला भरून आलं. एवढी माहिती एसटी स्थानकावर गाडीबद्दलही मिळत नाही.

आमच्या चाळीतल्या मावशींनी हे कलम वाचलेलं नव्हतं. मुलाचा फोन बंद लागायला लागला तशा त्या थेट ठाण्यात गेल्या. सोबत आम्ही. पेपरात लिहिणारा माणूस बरोबर असला की काम लवकर होतं, असा मावशींचा समज आहे आणि तो आम्ही कधी खोडून काढलेला नाही.

ठाणे अंमलदारांनी रजिस्टरातून मान वर न काढता विचारलं, "कुठल्या गुन्ह्यात?"

"तेच विचारायला आलेय, साहेब."

"गुन्हा माहीत नाही, तर आम्ही शोधायचं कसं?"

"नाव सांगते ना."

"नावावरून काय कळणार, मावशी? आणला कोणी? डिटेक्शनवाल्यांनी की युनिटने?"

"जीप घेऊन आले होते."

"जीप सगळ्यांकडे असते."

इथे आम्ही घसा साफ करून, कलम ३७ खाली या ठाण्यात नेमलेले अधिकारी कोण, असं विचारलं. अंमलदारांनी पहिल्यांदा मान वर केली. "वकील का तुम्ही?" नाही म्हणालो. "मग बसा."

बसलो. साहेब राउंडला गेले होते. राउंडवरून आले की बंदोबस्ताला जाणार होते. शेवटी एका वयस्कर हवालदारांना मावशींची दया आली. बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "अटक नाही दाखवलेली अजून. नुसता चौकशीला आणला असेल. म्हणजे, आणला असला तर."

बाहेरच्या माणसाला ही गंमत कळत नाही. अटक दाखवली की चोवीस तासांचं घड्याळ सुरू होतं, वही उघडावी लागते, आईला फोन करावा लागतो. नाही दाखवली, तर घड्याळाला किल्लीच दिलेली नसते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय की माणसाला रोखून धरलं त्या क्षणी अटक सुरू होते, मग कागदावर वेळ कुठलीही टाका. पण उच्च न्यायालय फोर्टात आहे आणि रजिस्टर अंमलदारांच्या टेबलावर.

या विद्येत आपणच पुढे आहोत असं महाराष्ट्राने मानायचं कारण नाही. मूळ घराणं उत्तरेकडचं असावं. ७ जानेवारी १९९४ रोजी गाझियाबादच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांनी जोगिंदर कुमार नावाच्या तरुण वकिलाला चौकशीसाठी बोलावून घेतलं. तो भावांना बरोबर घेऊन गेला, म्हणजे सावध होता. दुपारी एकच्या सुमाराला भावाने थेट मुख्यमंत्र्यांना तार केली, कारण लक्षण ठीक दिसेना. संध्याकाळी सोडतो म्हणाले, सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी अजून थोडी चौकशी राहिलीय म्हणाले. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना कुठे हलवलं तेच कळेना. घरचे सर्वोच्च न्यायालयात गेले. नोटीस निघाली आणि अधीक्षक त्या वकिलाला घेऊन न्यायमूर्तींसमोर हजर झाले. न्यायालयाने विचारलं, पाच दिवस का अडकवून ठेवलंत? उत्तर असं की, अडकवलेलं नव्हतंच. अपहरणाच्या काही प्रकरणांत पोलीस त्यांची मदत घेत होते आणि ते सहकार्य करत होते.

आमच्या मते हे उत्तर पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरायला हवं. घरी न कळवता, वकील असून वकील न घेता, पाच-पाच दिवस जो मदत करतो तो नागरिक किती थोर! त्या प्रकरणात २५ एप्रिल १९९४ ला निकाल लागला: कोठडीतल्या माणसाचा ठावठिकाणा त्याच्या एका तरी मित्राला किंवा नातेवाइकाला कळवणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क आहे हे त्याला पोलिसांनीच सांगायचं आहे.

तेवढ्याने भागलं नाही, म्हणून डिसेंबर १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अकरा सूचनाच आखून दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, साक्षीदाराच्या सहीचा पंचनामा हवा, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला बारा तासांत कळवून तिथल्या फलकावर नाव लागायला हवं. नातेवाईक दुसऱ्या जिल्ह्यात राहत असतील तर आठ ते बारा तासांत तारेने कळवा, असंही त्यात होतं. देशातली तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. सूचना तशीच राहिली. आपली तार आलीच नाही अशी तक्रार कोणा आईबापांनी केली, तर तिला उत्तर द्यायला सरकारकडे निदान एक खरं कारण आहे.

बाकी फलक आहे. आम्ही तो डोळ्यांनी पाहिला. ठाण्याच्या पडवीत, काचेच्या कुलूपबंद पेटीत. वरच्या भागात 'ओटीपी कोणालाही सांगू नका', शेजारी गणेशोत्सव मंडळांना ध्वनिक्षेपकाच्या सूचना, खाली एका हरवलेल्या आजोबांचा फोटो. उजव्या कोपऱ्यात अधिकाऱ्यांचे मोबाइल नंबर. त्यातल्या पहिल्या दोघांची बदली झालेली. आणि मधोमध लाल रंगाने सुबक अक्षरांत 'अटक आरोपींची माहिती', त्याखाली रकाने आखलेले: नाव, पत्ता, गुन्हा, तारीख. रकाने फार सरळ होते. पट्टी लावून मारलेले असणार. आत काही नव्हतं.

"रिकामा आहे म्हणजे कोणी नाहीच ना आत?" मावशींनी आशेने विचारलं.

"किल्ली जमादाराकडे आहे," हवालदार म्हणाले.

डिजिटल मार्ग राहिला होता. राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर अटक आरोपींची यादी पाहायची सोय आहे. तारीख निवडायची, जिल्हा निवडायचा, पोलीस ठाणं निवडायचं. म्हणजे मुलगा कोणत्या ठाण्यात आहे हे आधी सांगितलं की तो कोणत्या ठाण्यात आहे हे सांगण्यात येईल. तुरुंगाचंही असंच. भेटीसाठी ई-मुलाखतीचा अर्ज भरता येतो. त्यात कारागृहाचं नाव लिहा, बंद्याचं नाव लिहा, बापाचं नाव लिहा. माहितीच्या अधिकारात विचारता येतं, तेही सांगून टाकतो. साधी माहिती तीस दिवसांत, पण माणसाच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. न्यायालयात चोवीस तासांत हजर करायचंय, उत्तर अठ्ठेचाळीस तासांत यायचंय. निदान मुलगा काल कुठे होता हे अधिकृत शिक्क्यानिशी हाती येईल.

मावशी अर्ज करणाऱ्यांतल्या नव्हेत. त्या घरी गेल्या आणि रात्री पिशवी घेऊन परत आल्या. पिशवीत एक शर्ट, पार्ले-जीचा पुडा आणि गोळ्यांची एक पट्टी. अंमलदारांपुढे पिशवी ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, तो इथे नाहीच म्हणता, तर राहू दे. पण चुकून असलाच तर त्याला बीपी आहे. रात्रीची गोळी चुकली की चक्कर येऊन पडतो. मागे पडला होता."

अंमलदारांनी पट्टीकडे पाहिलं. कोठडीत कोणी दगावलं तर चोवीस तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला कळवावं लागतं, हा १९९३ पासूनचा दंडक आहे. त्यावर पुढे दंडाधिकाऱ्यांची चौकशी, जबाब, निलंबन. कलम ४८ कोणाला आठवो न आठवो, हे मात्र खात्यात शिपायापासून सगळ्यांना तोंडपाठ.

"जेवणाआधी की नंतर?" अंमलदारांनी विचारलं.

"नंतर."

"द्या इकडे."

पिशवी आत गेली. संध्याकाळपासून जो मुलगा ठाण्यात नव्हता, त्याच्या नावाने शर्ट गेला, बिस्किटं गेली, गोळी कधी घ्यायची त्याची सूचनाही गेली. मावशी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. आता त्यांना कुठलं पोर्टल नको होतं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात तो दिसला. अटकेची वेळ त्या दिवशीच्या पहाटेची होती. आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या एका तरुण वकीलबाईंनी फुकटात बाजू मांडली आणि बरी मांडली. (हा भाग उपहास नाही. विधी सेवेचा १५१०० हा नंबर लिहून ठेवा, तो खरोखर लागतो.)

एमसीआर झाली की शोध पुन्हा पहिल्यापासून. आर्थर रोड भरलेलं असलं तर तळोजा, तळोजा नाही तर ठाणे, ठाणे नाही तर कल्याणचं आधारवाडी. आपल्या कारागृहांत गर्दी कोणाची, म्हणाल तर अशाच लोकांची. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यांतल्या दर चारांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. आर्थर रोडचं सरकारी नाव आता साने गुरुजी मार्ग. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर रोज सकाळी आया रांगेत उभ्या असतात आणि खिडकीतला शिपाई त्यांना, "इथे नाही, तळोज्याला बघा," असं सांगतो. नामकरण समितीला एवढी दूरदृष्टी असेल असं वाटलं नव्हतं.

शेवटचा उपाय बंदी प्रत्यक्षीकरणाचा. उच्च न्यायालयात अर्ज करायचा, न्यायमूर्तींनी विचारायचं, माणूस कुठे आहे तो आणून दाखवा. देशातली ही सर्वांत महागडी चौकशी खिडकी, पण गुणकारी. नुसता अर्ज टाइप होतोय एवढं कळलं तरी हरवलेली माणसं सापडतात, चौकशी संपते, अटकेची वेळ ठरते. ही खिडकीही एकदा बंद झाली होती. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की स्थानबद्ध केलेल्याला आपली स्थानबद्धता बेकायदा आहे असं म्हणत उच्च न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. एक ते न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केलं आणि त्यांनी राजीनामा दिला. तो निकाल चुकला होता, असं न्यायालयाने स्पष्ट शब्दांत म्हटलं ते २०१७ मध्ये. तेव्हा अंमलदार नाव शोधायला दोन तास लावतात म्हणून कोणी आदळआपट करू नये. वरच्या कोर्टाला एकेचाळीस वर्षं लागली.

मावशींचा मुलगा जामिनावर सुटून आलाय. केस चालू आहे, रिक्षाही चालू आहे. आता चाळीत, मागच्या वस्तीत, पार नाक्यापलीकडेही कोणाचा पोरगा उचलला की लोक ठाण्यात जाण्याआधी मावशींकडे येतात. कलम ३७ खालचा नेमलेला अधिकारी कोण, हा आमचा प्रश्न तसा सुटलाच म्हणायचा. मावशी फी घेत नाहीत. शर्ट जुना द्या म्हणतात, परत येत नाही. बिस्किटांचा पुडा मोठा द्या, निम्मे आतलेच खातात. आणि गोळ्यांची पट्टी विसरू नका.

परवा एक बाई संकोचून म्हणाली, "पण मावशी, माझ्या पोराला बीपी नाही हो. एकवीस वर्षांचा आहे."

"माझ्या तरी कुठे होतं?" मावशी म्हणाल्या. "तुला आहे ना? तुझ्याच गोळ्या ने."