नवशिक्या फटफटीवाल्यासाठी हात-पाय झाकण्याचा धडा

ज्यांनी नुकतीच लांब पल्ल्याची मोटरसायकल घेतली, तिच्यावरून चंद्रपूर-गडचिरोलीचं जंगल पाहायचं ठरवलं आणि आता रोज रात्री मोबाइलवर हँडगार्डचे फोटो पाहत जागतात, त्यांच्यासाठी हा धडा आहे. जुन्या स्प्लेंडरच्या टाकीवर पोरगं, मागे बायको आणि मधे तांदळाची पिशवी घेऊन धानोऱ्याहून गडचिरोलीला येणाऱ्या माणसाला याची गरज नाही. त्याने वाचलाच तर फार हसू नये, एवढी विनंती.

साहित्य: मोटरसायकल एक. हात दोन, पाय दोन. दहा-बाराचा पाना, एलन चाव्यांचा जुडगा, प्लास्टिकच्या बांधपट्ट्या, जुन्या ट्यूबचा तुकडा, चार-पाच पन्न्या आणि एक कॅलेंडर. पाना उचलण्याआधी कॅलेंडर बघायचं आहे.

कारण बाजारात हात-पाय झाकायचं जे सामान मिळतं, ते बहुतेक थंड मुलखात सुचलेलं आहे. जाहिरातीतल्या फोटोत मागे बर्फ असतो आणि गाडीवाल्याच्या तोंडातून वाफ निघत असते. आपल्याकडे वाफ निघते ती इंजिनातून. शिवाय इथले तीन ऋतू एकमेकांच्या कामात पाय घालतात. मेमध्ये उपयोगी पडलेली वस्तू जुलैत अडचण होते आणि डिसेंबरात ती कुठे ठेवली ते आठवत नाही.

उन्हाळा

मे महिन्यात देशातल्या तापलेल्या गावांची यादी पेपरात येते, तेव्हा ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर त्यात शोधावी लागत नाहीत. पारा 45-46 अंशांवर जातो. आता थोडं शास्त्र. कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून गार असेल तर वारा आपल्या अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा 45 अंशांची असेल तर वारा उलट आपल्यालाच उष्णता देतो. घाम काही काळ सांभाळून घेतो, पण ताशी 70 च्या वाऱ्यात बोटांवरचा घाम टिकणार किती? तेव्हा 'जोरात हाणली की गार वाटेल' हा पुण्या-मुंबईहून आणलेला विचार चंद्रपूर सोडल्यावर मूल यायच्या आतच गळून पडतो. इथले लोक डोकं, कान, तोंड दुपट्ट्यात गुंडाळून निघतात. नवख्या माणसाला पेट्रोल पंपावर दरोडा पडतोय असं वाटतं. घाबरू नये. त्यातला एखादा शाळामास्तर असतो. झळ लागू नये म्हणून खिशात ठेवलेल्या कांद्याबद्दल त्याला विचारू नये, सुट्ट्या पैशांबद्दल विचारावं.

तर उन्हाळ्यात हँडगार्डचं काम थंडी अडवण्याचं नसून झळ अडवण्याचं आहे आणि ते साधं प्लास्टिकचं पातं उत्तम करतं. सोबत रस्त्याकडेला दोरीवर टांगून विकतात ते कोपरापर्यंतचे सुती हातमोजे घ्या. हे मोजे मुली स्कूटीवर घालतात म्हणून आपण घालू नयेत, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल हात भाजून घ्यावेत.

पायांना मात्र उन्हाळ्यात गाडीवर काही बांधायचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन समोरून येणाऱ्या हवेवर थंड होतं, सिलिंडरभोवतीच्या पत्र्यांसारख्या पात्या त्यासाठीच आहेत. लेगगार्डला पुढून काही ताणून बांधलं की ती हवा अडते, आणि इंजिनाची धग निघायला वाट शोधते ती तुमच्या नडगीवरून. एका मिस्त्रीने हे माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितलं होतं: "झाकलं तं आधी इंजन शिजन जी, मंग तुमचे पाय."

बसवण्याची कृती

हँडगार्ड दोन जातींचे. एक जात हँडलला एकाच ठिकाणी धरते आणि पुढे नुसती तरंगते. दुसरीला आतून ॲल्युमिनियमचा कणा असतो, तो हँडलच्या मधल्या भागाला आणि टोकाला असा दोन्हीकडे आवळतात. गाडी आडवी झाली तर दुसरी जात क्लच आणि ब्रेकची लिव्हर वाचवते. एटापल्ली किंवा भामरागडच्या वाटेवर लिव्हर तुटली तर ती कुठे मिळेल याचा विचार केला की निवड आपोआप होते. पण पडताना हात त्या कण्याच्या आत अडकू शकतो, हेही दुकानदार सांगणार नाही म्हणून इथे सांगितलं.

हँडलच्या टोकाचं वजन काढा, कणा लावा, सगळे बोल्ट आधी हातानेच बसवा. एकदम आवळू नका. मग गाडीवर बसून हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. क्लचची केबल कुठे ताणते? ब्रेकचा पाइप कुठे चिमटतो? लिव्हर पूर्ण दाबली तर गार्डला टेकते का? आता गाडी न्यूट्रलला चालू ठेवून पुन्हा दोन्हीकडे वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज आपोआप चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जातेय. ती सोडवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका. हे सगळं जमलं की बोल्ट आवळा, आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळा. गाडीच्या थरथरीने पहिल्याच प्रवासात ते सैल होतात. हा एकच परिच्छेद गंभीरपणे वाचला तरी चालेल.

पावसाळा

खरी परीक्षा इथे. चंद्रपूर, घुग्घूस, राजुरा या कोळशाच्या पट्ट्यात रस्त्यावरून उडणारं पाणी काळं. एटापल्ली-आलापल्लीकडे सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ज्या वाटेने जातात तिथे तेच पाणी तांबडं. एका दिवसात दोन्हीकडून आलात तर पॅंट बघून कोणीही तुमचा मार्ग सांगेल.

हा चिखल पायावर येतो कुठून? बहुतेक तुमच्याच पुढच्या चाकातून. लांब पल्ल्याच्या रुबाबदार गाड्यांना पुढचा मडगार्ड उंच, चोचीसारखा असतो. तो फोटोत छान दिसतो आणि चाकाने उडवलेलं पाणी बिनतक्रार तुमच्या पायांवर, इंजिनावर आणि प्रसंगी तोंडावर पोचवतो. चाकाला चिकटून असलेला खालचा मडगार्ड पाणी अडवतो, पण काळ्या कन्हारी जमिनीच्या पांदणीत शिरलात की चिखल त्याच्यात आणि टायरमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मग काडी शोधायची आणि उकरत बसायचं. रोवणीचे दिवस असतील तर बांधीतल्या बाया कंबर सरळ करून हा कार्यक्रम बघतात. मध्यम मार्ग असा: डांबरी रस्त्यावरच राहणार असाल तर खालचा मडगार्ड, आणि त्याच्या मागच्या टोकाला जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन बोल्टांनी लोंबता लावा. पाय झाकायच्या सगळ्या सामानात खर्चाच्या मानाने सर्वाधिक काम करणारी वस्तू हीच, आणि ती सुंदर पाकिटात मिळत नाही म्हणून कोणी शिफारस करत नाही.

इथे थोडं विषयांतर. पायांवर चिखल येऊ नये ही अडचण एकाने गाडीच्या आराखड्यातच सोडवली होती. इटलीत 1946 साली आलेल्या व्हेस्पाचा आराखडा करणाऱ्या कोरादिनो दास्कानियो या विमान अभियंत्याला मोटरसायकल आवडत नसे, एक कारण म्हणजे तिच्यावर कपडे घाण होतात. म्हणून त्याने पायांपुढे पत्र्याची ढाल दिली आणि इंजिन झाकून टाकलं. तीच ढाल पुढे बजाज चेतकच्या रूपाने आपल्या दारी आली. आपण ती विकून मोटरसायकल घेतली, आणि आता त्या मोटरसायकलला ढाल कशी लावावी याचा धडा वाचतो आहोत. कायद्यालाही पुढच्या माणसाच्या पायांची फिकीर नाही, मागच्याच्या कपड्यांची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं म्हणतो, म्हणजे मागे बसणाऱ्याचे कपडे त्यात अडकणार नाहीत. साडीगार्ड म्हणतात तो हाच. पॅंटवाल्याने आपलं आपण बघावं.

आपण बघायचं ते असं. पावसाळ्यात इंजिन तापायची भीती कमी, त्यामुळे लेगगार्डला आडवं कापड बांधता येतं, मात्र सिलिंडरसमोरची जागा मोकळी सोडून, फक्त दोन्ही पायांपुढे. रेक्झिन चालतं. त्याहून चांगलं आणि फुकट म्हणजे फ्लेक्स. आपल्या महाराष्ट्रात कोणाचा तरी वाढदिवस रोज असतो आणि त्याचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी निराधार होतो. तो मजबूत असतो, पाणी धरत नाही, कात्रीने कापता येतो. रीतसर मागून घ्या. चेहऱ्याची बाजू आत ठेवा. बाहेर ठेवलीत तर चिखल मान्यवरांवर उडेल आणि मग पाय झाकण्याची चर्चा वेगळ्याच पातळीवर जाईल. इंडिकेटर झाकला जाणार नाही आणि कुठलंही टोक फडफडत चाकात जाणार नाही, एवढं पाहा.

आता बूट. 'पूर्ण वॉटरप्रूफ' बुटात पाणी शिरत नाही हे खरं, पण ते खालून. वरून, पॅंटच्या आतून ओघळलेलं पाणी छान शिरतं, आणि वॉटरप्रूफ असल्यामुळे बाहेर मात्र पडत नाही. निदान रेनकोटची पॅंट बुटावरून येऊ द्या, बुटात खोचू नका. मला विचाराल तर गडचिरोलीच्या पावसात पाणी आत येणारच असं धरून त्याच्या बाहेर पडण्याची सोय करावी. अमेरिकी सैन्याने व्हिएतनामच्या चिखलात कॅनव्हासचे जंगल बूट वापरले, त्यांच्या कडेला पाणी निथळायला जाळीची भोकं होती. तसे बूट घ्या: घोटा झाकला जातो, चिखल धुता येतो, रात्रीतून बऱ्यापैकी वाळतात. त्याच पावसात गावकरी प्लास्टिकची चप्पल काढून हँडलला अडकवतात आणि अनवाणी जातात. त्यांची नक्कल करू नका, त्यांना वेग किती ठेवायचा ते कळतं.

आणि एक गोष्ट कुठल्याही सामानाने झाकली जात नाही. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. पर्लकोटेचं पाणी पुलावर चढून गावाचा संपर्क तुटणं हे तिथल्या पावसाळ्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर हँडगार्ड, फ्लेक्स, जंगल बूट सगळ्यांसह अलीकडेच थांबा. पलीकडच्या काठावर उभा असलेला माणूसही थांबलेलाच असतो, आणि तो इथला असतो.

ऑक्टोबर सरता सरता फ्लेक्स सोडा. फेकू नका. धान कापून शेतात पुंजणे लागले आणि अवेळी आभाळ आलं, की त्या तुकड्याला तुमच्या लेगगार्डपेक्षा फार मोठी मागणी असते. कोणी मागितला तर देऊन टाका. पुढच्या पावसाळ्याआधी वाढदिवस येतीलच.

हिवाळा

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरू लागतात, शंकरपटात बैल धावतात आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज हे नाटक कंपन्यांचं गाव. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेकडे सुटतो, म्हणजे प्रेक्षक सगळ्यात थंड वेळी गाडीला किक मारतो. पारा 10 अंशांवर आणि वेग ताशी 60 असेल तर अंगाला ते सुमारे 5 अंशांसारखं लागतं. बोटं गार पडून ब्रेक उशिरा दाबला जातो, हा त्यातला खरा धोका. जाताना, संध्याकाळी, धानाच्या शेतांजवळ तुडतुडे हेडलाइटकडे झेपावतात आणि बोटांवर आपटतात. उन्हाळ्यातलं प्लास्टिकचं पातं इथे पुन्हा कामी येतं, ते काढलं नसेल तर.

गरम होणाऱ्या मुठी विकत मिळतात. जोडी पूर्ण तापवली तर तीस-चाळीस वॅट खाते, म्हणजे साध्या हेडलाइटएवढी वीज. लहान गाडीची बॅटरी पहाटे हे सहन करेल का ते आधी तपासा. मला यापेक्षा हँडलवर चढवायचे जाड कापडी मफ पसंत आहेत, ज्यात हात कोपरापर्यंत शिरतो. पण फार मऊ घेऊ नका. वाऱ्याने मऊ मफ मागे दबतो आणि ब्रेकची लिव्हर हलकीच दाबून धरतो. मागचा ब्रेकचा दिवा सारखा पेटलेला राहतो आणि मागचा गाडीवाला शिव्या देतो. म्हणून आत हँडगार्डचा कणा हवा, मफ त्याच्यावर चढवावा. पायांसाठी सुती मोजा, त्यावर पन्नी, त्यावर लोकरी मोजा. चालताना कुरकुर आवाज येतो. नाटकाला जरा लवकर जाऊन बसा, नाहीतर करुण प्रसंगात सगळा मंडप तुमच्याकडे वळून बघेल.

नाटक सुटलं की गाडी धानाच्या बांधावर जिथे लावली तिथे जा. मफ रात्रभर उबदार, अंधारे आणि रिकामे होते, हे विसरू नका. हात घालण्याआधी बाहेरून दोनदा थोपटा, मग मोबाइलचा टॉर्च आत मारा. बाहेर उंदीर पडला तर ठीक आहे, त्याला जाऊ द्या. तो कोणापासून पळतोय हे बघून मगच क्लच दाबा.