हळद लागलेला लॅपटॉप

नवरा आपण होऊन सासुरवाडीला निघाला की बायकोला आनंद व्हायच्या आधी संशय येतो. सौभाग्यवतींनी विचारलं, "आईच्या गुडघ्यांसाठी निघालात का?" मी म्हटलं, "तेही बघीन, पण मुख्य म्हणजे एक बंद पडलेला लॅपटॉप बघायचाय." त्यावर "माझ्या माहेरी जरा शोभेल असं वागा," एवढंच बोलून त्या आत गेल्या.

लॅपटॉप लेचापेचा नव्हता. आयबीएमचा थिंकपॅड ७०१सी. मार्च १९९५ मध्ये बाजारात आला आणि वर्ष सरता सरता बंद झाला. त्या काळी पडदे लहान, या लॅपटॉपचा १०.४ इंच. पडदा लहान म्हणून पेटी लहान, आणि लहान पेटीत मोठ्या माणसाच्या बोटांना पुरेल असा कीबोर्ड बसेना. तेव्हा जॉन कारिडिस नावाच्या अभियंत्यानं कीबोर्डच तिरका कापून त्याचे दोन तुकडे केले. झाकण उघडलं की दोन्ही तुकडे सरकत येतात, एकमेकांना भिडतात आणि पेटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतात. झाकण मिटलं की गुपचूप आत. लेकीचे त्रिकोणी ठोकळे हाताळताना त्याला ही युक्ती सुचली, असं सांगतात. लोकांनी या लॅपटॉपला फुलपाखरू म्हटलं, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं एक आपल्या संग्रहात घेतला. पण लवकरच मोठे पडदे आले, पेट्या आपोआप रुंद झाल्या आणि पंखांचं काही कामच उरलं नाही.

तर एक न्यूयॉर्कला आणि एक सांगलीच्या गावभागात, आमच्या मेहुण्याच्या शेजारी, हळदीच्या एका अडत्यांच्या माळ्यावर.

साताऱ्याहून सांगलीला रेल्वेनंही जाता येतं. पण साताऱ्याचं स्टेशन माहुलीला. तिथं पोहोचेपर्यंतच निम्मा प्रवास झाल्यासारखा वाटतो, म्हणून शहाणा सातारकर एसटी धरतो. शेजारी एक पागोटेवाले आजोबा बसले होते. उंब्रज गेल्यावर त्यांनी विषय काढला.

"कुठलं पाव्हणं?"

"साताऱ्याचा."

"मंग सांगलीत काय काडलंय?"

"जुना लॅपटॉप आणायला चाललोय."

"किती जुना?"

"तीस वर्षांचा."

"चालतो?"

"नाही."

आजोबांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. कऱ्हाड गेलं, पेठ नाक्याला महामार्ग सुटला, तरी ते बोलले नाहीत. (पेठ-सांगली रस्त्याबद्दल सांगलीकरांनी इतकी वर्षं इतकं बोलून ठेवलंय की परगावच्या माणसानं त्यात भर घालू नये.) आष्ट्याला उतरताना मात्र ते माझ्या कानाशी वाकले. "पाव्हणं, माझ्या हिरीवर एक मोटर हाय. ती बी चालत न्हाई. बगता का?"

गावभागात त्या अडत्या शेठजींनी लॅपटॉप आधीच काढून ओसरीवर ठेवला होता, सतरंजीवर, मुलगी दाखवायला बसवल्यासारखा. १९९५ च्या शेवटी अमेरिकेतून आलेल्या भाच्यानं तो मामांना भेट दिला. मामांनी त्यावर हळदीचा हिशेब ठेवला, मग विश्वास पुन्हा लाल चोपडीवर बसला आणि यंत्र माळ्यावर गेलं. त्यामुळेच ते वाचलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा शेठजींच्या खालच्या मजल्यावरचं फर्निचर गेलं, फ्रिज गेला. "आधी माणसं वर नेली, मग देव, मग चोपड्या. हा आधीच वर होता," शेठजी म्हणाले. त्यांच्या स्वरात थोडी नाराजी वाटली. फ्रिज वर असता तर बरं झालं असतं.

या मॉडेलला वरून मऊ, काळा, रबरासारखा लेप असतो. कालांतरानं तो पाघळून चिकट होतो. जगातल्या झाडून सगळ्या ७०१ ची ही व्यथा. पण जगातले बाकीचे ७०१ हळदीच्या घरात नांदलेले नाहीत. या चिकट्यावर इतक्या वर्षांची हळद बसली होती. लॅपटॉप पिवळाधमक. हात लावला की हात पिवळा, तो रुमालाला पुसला की रुमाल पिवळा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा हा चालताबोलता, म्हणजे न चालता न बोलता, पुरावा.

आता भाव. शेठजींनी बैलबाजारातल्या रीतीनं माझ्या हातावर पंचा टाकला आणि खालून बोटं दाबली. या विद्येत मी कोरा. घाबरून मीही काही बोटं दाबली. शेठजी चमकून मेहुण्याकडं बघायला लागले. जावयाची मोठी पंचाईत असते. घासाघीस केली तर कंजूष, फुकट घेतलं तर फुकट्या, आणि दोन्ही बिरुदं सासुरवाडीत मुक्काम ठोकतात. शेवटी शेठजींनीच पंचा ओढून घेतला. "जावईबापू, पैसे नकोत. पण हा चालू झाला की आत शहाण्णव सालची उधारी लिहिलेली आहे, ती काढून द्या. त्या वर्षाची चोपडी तेवढी पुरात गेली."

झाकण उघडलं, तर उजवा पंख आला, डावा अडला. आतली त्याला सरकवणारी प्लॅस्टिकची बारीक पट्टी तुटली होती. "दाजी, मिरजेला जाऊ," मेहुणा म्हणाला. सांगलीकराला कुठल्याही नाजूक कामासाठी मिरज आठवते, मग ते हाडाचं असो की तारेचं. मिरजेत तलवारी घासणारे शिकलगार सतारी घडवू लागले, त्याला दीडशेवर वर्षं झाली. त्या गल्लीतल्या एका कारागिरानं भोपळे बाजूला सारून लॅपटॉप मांडीवर घेतला, झाकण उघडलं, मिटलं, कान लावला. "उजवी सुरात आहे. डावी घासते." मी म्हटलं, कॉम्प्युटर आहे. ते म्हणाले, "असू दे की. काय सरकायला पाहिजे, तेवढं दाखवा." आणि घोडीसाठी ठेवलेल्या तुकड्यातून त्यांनी नखाएवढी पट्टी कापली, कानशीनं घासली, बसवली, पुन्हा काढली, पुन्हा घासली. जवारी काढताना घासतात तितक्याच सावकाश. मग झाकण उचललं. दोन्ही पंख सरसरत आले आणि टक् करून जुळले. दुकानातल्या सगळ्यांनी एका सुरात "वाहवा" म्हटलं. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये मानांकन मिळालं, म्हणजे आमचा लॅपटॉप आता दोन मानांकनांचा धनी.

परतीला तो वर्तमानपत्रात गुंडाळला. घरी कागद सोलला तर झाकणावर उलट्या अक्षरांत बाजारभाव उमटलेले.

साताऱ्यात पोवई नाक्याकडं मोबाइल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे; त्याचा जन्म या लॅपटॉपनंतरचा. त्यानं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो सगळा लेपच उतरवला, बाजारभावांसकट. मग मागचे स्क्रू काढले आणि ओरडला, "काका, आतून रक्त!" आतली छोटी बॅटरी कधीतरी फुटून गळली होती. ते पाणी क्षाराचं, आणि क्षार लागला की हळद लाल होते. कुंकूही याच युक्तीनं करतात. त्यानं ओला बोळा फिरवला की बोर्डावर कुंकवाचा पट्टा उठायचा. मी लिंबू पिळलेला बोळा पुढं केला, तर लाल पुन्हा पिवळं. असं त्याचं हळदीकुंकू बराच वेळ चाललं. तांब्यावरचा हिरवा गंज खरवडून, तुटलेल्या दोन रेषा केसाएवढ्या तारेनं जोडून त्यानं डीसी सप्लाय लावला.

पडद्यावर १६१ आणि १६३ असे आकडे आले.

"बसचे नंबर का हो?"

१६१ म्हणजे बॅटरी मेली, १६३ म्हणजे तारीख-वेळ ठाऊक नाही. तारीख भरली. हार्ड डिस्क अवघी ५४० एमबीची, घसा साफ केल्यासारखा आवाज करत फिरायला लागली, आणि विंडोज ३.१ उघडलं. 'उधारी९६' नावाची फाइल सापडली. इंग्रजी अक्षरांत मराठी नावं, पुढं पोती, पुढं रुपये. सातव्या ओळीत आमचे सासरे होते. अर्धं पोतं हळद, बाकी ४५० रुपये, शेरा: "दिवाळीला देतो म्हणाले."

सौभाग्यवतींना ओळ दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि झाकण मिटलं. दोन्ही पंख आज्ञाधारकपणे आत गेले. "फाइल बाहेर काढता येत नाही म्हणून सांगा," त्या म्हणाल्या. ते खरंही आहे. या मॉडेलची फ्लॉपी ड्राइव्ह वेगळी, बाहेरून जोडायची, आणि ती शेठजींच्या माळ्यावर सापडली नाही.

तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या घरी ७०१ ची फ्लॉपी ड्राइव्ह पडून असेल, तर भंगारवाल्याला घालू नका, मला कळवा. मात्र सांगलीत कुणाकडं बोलू नका.