शेळीला झंपर शिवायचाय का?

"अगं, काल सांजच्याला तुमच्या गोठ्यात कसला गोंधळ? शेळी नुसती कोकलत होती."

"आमची आठवीतली, काकू! शिवणाचा टेप घेऊन शेळी मापत होती."

"शेळीला झंपर शिवायचाय का?"

"मीपण तेच विचारलं. म्हणे, वजन काढतेय. पुढच्या पायांच्या मागनं छातीला टेप गुंडाळला, 70 सेंटीमीटर. मग खांद्यापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, 65. छातीच्या मापाला त्याच मापानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि 10840 नं भागायचं. आलं 29 किलोच्या वर!"

"आणि यवतच्या बाजारात तुम्ही..."

"नका काढू विषय! तिच्याच जोडीची शेळी ह्यांनी नेली होती. व्यापाऱ्यानं पाठीवर हात फिरवला, 22 किलोच्या वर चढायला तयार नाही. दिली ना ह्यांनी. काल आकडा ऐकल्यापासून गप्प आहेत."

"आपल्या वेळी गायीवर दहा ओळी लिहिल्या की झालं प्राणीशास्त्र. हे शाळेत कुणी आणलं?"

"शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे ना, तिथलं. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून खेड्यात आले, 1983 साली आश्रम काढला. तिथला अभ्यासक्रम शाळाशाळांत गेला. पोरं आयबीटी म्हणतात. वेल्डिंग, वायरिंग, स्वयंपाक, शेती, जनावरं, सगळं हातानं करायचं."

"पोरींनीपण वेल्डिंग?"

"आणि पोरांनी स्वयंपाक! परवा हिनं शेळीचा जबडा उघडून दाखवला. खाली पुढचे दोन दात मोठे, म्हणजे वर्ष ओलांडलं."

"त्यात काय नवल? दोनदाती, चारदाती आम्ही न्हाणाच्या वयापासून ओळखतो. शाळेत नाही गेलो त्यासाठी."

"तेच सांगितलं मी तिला. म्हणाली, मग काकूंना आमच्या वर्गावर पाठव."

"चल! पण शाळेतल्या कोंबडीच्या पिल्लांचं मला नाही पटत. चाळीस हात फिरल्यावर पिल्लू जगतंय का?"

"दोन मेलीच की. पोरं रडली. आता सरांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय, नुसतं बघायचं. बल्बाखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पांगली तर उकडतंय, मग बल्ब वर घ्यायचा. आणि पिल्लांना रविवार कळत नाही, म्हणून पाळ्या लावल्यात. आमची रविवारी सातला उठते, काकू. घरी झाडू मार म्हटलं की पोट दुखतं."

"बरं, तिला जरा आमच्याकडं पाठव. बोकड विकायला काढायचाय."

"सकाळी येईल. उपाशीपोटी मापायचा म्हणते, चारापाणी झालं की वजन फुगतं."

"अगं बाई! म्हणजे तिला उपाशी दाखवायचा आणि व्यापाऱ्याला पोट भरून?"

"हळू बोला, ती आलीय शाळेतनं."