सुरक्षितता, समास सोडून

अमेरिकेत १९९९ साली ‘टू अर इज ह्यूमन’ हा अहवाल आला. इस्पितळांतल्या टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४ ते ९८ हजार माणसे दगावतात, असा त्याचा अंदाज. २००५ मध्ये परिचारिकांच्या शिक्षणासाठी ‘क्यूसेन’ प्रकल्प निघाला नि सुरक्षितता नर्सिंगच्या अभ्यासक्रमात रीतसर शिरली.

शिरली ती निबंधाच्या वाटेने.

बारा तासांची पाळी उरकलेली परिचारिका रात्री दोनला डोळे ताणून अभ्यासक्रमाचा निबंध टंकते : थकव्यामुळे औषधाच्या मात्रेत चूक होऊ शकते. मग कंस, आडनाव, वर्ष. चुकीचे मूळ कारण कितीही खोल सापडो, एपीए शैलीत संदर्भाची दुसरी ओळ अर्धा इंच आत सरकायलाच हवी. नाहीतर गुण कापलेच म्हणून समजा.

ते मूळ कारण, अपुरे मनुष्यबळ, निबंध तपासणाऱ्या बाईंनाही पटते. त्या शेजारी बरोबरची खूण करतात आणि पुढचा गठ्ठा ओढतात.